लग्नाची रांग आणि टेलचं गाव

मंगळवारी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला मंगळ ग्रह मंदिराच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. परवा त्या गर्दीत आमच्या गल्लीतले जिभाऊ भेटले. सोबत मुलगा. वय तेहेतीस, सात एकर बागायत, दोन विहिरी, ठिबक, सुपारीचंही व्यसन नाही. "भाऊ, पोरले नवरी भेटत नही," जिभाऊ म्हणाले. कोणीतरी मंगळाची शांती सुचवली होती.

मंदिराशी माझं भांडण नाही, तिथला परिसर छान ठेवलेला आहे. पण मंगळाचा हिशेब एकदा करून पाहा. पत्रिकेत घरं बारा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ बसला की माणूस मांगलिक. बारांपैकी पाच घरं, म्हणजे शंभरातले बेचाळीसेक लोक मांगलिक निघणार. मुलगे तेवढेच, मुलीही तेवढ्याच. जो दोष जवळपास निम्म्या गावाला आहे आणि दोन्ही पक्षांना सारखाच आहे, तो फक्त नवरदेवांचीच लग्नं कशी अडवेल?

अडकलेली लग्नं मात्र खरी आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता, तेव्हा महाराष्ट्र हसला. खान्देशात कोणी मोर्चा काढत नाही, मध्यस्थाला पैसे मोजतो. मग लग्नानंतर चार दिवसांत नवरी दागिन्यांसह पसार झाल्याची बातमी येते आणि पारावर दोन सिद्धांत ऐकू येतात. पहिला, "मुलींच्या अपेक्षा फार वाढल्या." दुसरा, "लोकसंख्येत देश चीनच्याही पुढे गेला, मग मुली गेल्या कुठे?" दुसऱ्या सिद्धांतातला प्रश्न चांगला आहे, त्यापासूनच सुरुवात करू.

निसर्ग मुलगे थोडे जास्त जन्माला घालतो, दर १०० मुलींमागे साधारण १०५. आपल्या जनगणनेच्या भाषेत सांगायचं तर दर हजार मुलग्यांमागे ९५० मुली. लंडनच्या जॉन ग्राँटने १६६२ मध्ये चर्चच्या नोंदी चाळून हे जगासमोर आणलं. पुढे १७१० च्या सुमारास जॉन आर्बथनॉट या डॉक्टराने सलग ८२ वर्षांच्या नोंदी तपासल्या. प्रत्येक वर्षी मुलगेच जास्त! हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता त्याने काढली, ती ८२ वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करावा इतक्यात एक, म्हणजे जवळजवळ शून्य. त्यावरून त्याने ठरवलं की ही देवाचीच योजना असणार: मुलगे लहानपणी आणि तरुणपणी जास्त दगावतात, म्हणून देव ते थोडे जास्त पाठवतो, आणि लग्नाच्या वयाला प्रत्येकाला एक जोडीदार बरोबर पुरतो. देवाचं सोडा, पण संख्याशास्त्रात आज रोज वापरली जाणारी युक्ती ('हे योगायोगाने घडलं असेल का?') पहिल्यांदा वापरली गेली ती लग्नाच्या बाजाराची बेरीज जुळवताना, याची मला फार गंमत वाटते.

तर ९५० ही निसर्गाची रेघ. आता २०११ ची जनगणना काढा आणि शून्य ते सहा वयाच्या मुलांचा रकाना बघा. नंदुरबार ९४४, धुळे ८९८, जळगाव ८४२. जळगावचाच आकडा २००१ मध्ये ८८० होता. म्हणजे तिथून तो आणखी खाली गेला.

खान्देशातले तीन जिल्हे, एकच तापी, आणि हा फरक. नंदुरबारची ८३ टक्के वस्ती खेड्यात राहते, सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, साक्षरता तिन्हींत सर्वांत कमी. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या कुपोषणाबद्दल आपण दर पावसाळ्यात वाचतो. तरी तिथे मुली निसर्गाच्या रेघेजवळ आहेत. भिल्ल-पावरा समाजात लग्नात मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात, पोरगी म्हणजे डोक्यावरचं ओझं हा हिशेब तिथे तसा लागत नाही. आणि केळीचा, सोन्याचा, ठिबकचा, शिकलेला जळगाव तळाला. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदा कागदावर होता आणि सोनोग्राफीचं यंत्र तालुक्याला. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं हे दहावीच्या पुस्तकात असतं, पण 'मुलीच होतात' म्हणून बोलणी अजून सूनच खाते.

इथपर्यंतचं बहुतेकांना माहीत असतं. पण यावरून हजार मुलग्यांमागे सव्वाशे-दीडशे अविवाहित राहायला हवेत. गावात बसून मोजलं तर याहून कितीतरी जास्त दिसतात. ते कुठून आले? इथे माझ्या आवडीचं गणित सुरू होतं. कागद-पेन्सिल घ्या, थोडं अवघड आहे.

नवरा-नवरीचं वय आपल्याकडे सारखं नसतं. धरू, मुलगा पाच वर्षांनी मोठा. म्हणजे १९९३ साली जन्मलेल्या मुलाची नवरी १९९८ सालच्या मुलींतून येणार. त्यामुळे एकाच सालचे मुलगे आणि मुली मोजून उपयोग नाही. या सालचे मुलगे आणि पाच वर्षांनंतरच्या मुली मोजायच्या. मधल्या पाच वर्षांत जन्मांची संख्या वाढत होती की घटत होती, यावर सगळा खेळ.

आधी जुना काळ घेऊ. देवी, पटकी, हिवताप आटोक्यात आले, मुलं जगू लागली, दर वर्षी जन्मलेल्या मुलांची तुकडी आधीच्या वर्षीपेक्षा मोठी. समजा वाढ वर्षाला २ टक्के. पाच वर्षांत ती चक्रवाढीने साडेदहा टक्क्यांच्या जवळ जाते. हजार मुलग्यांसमोर मग ९५० नव्हे, सुमारे १०४९ मुली उभ्या राहतात. निसर्गाने मुलगे जास्त देऊनही बाजारात मुली जास्त! मुलीच्या बापाने जोडे झिजवण्याचा तो काळ. विसाव्या शतकात हुंडा फोफावला त्यामागे हेही एक कारण आहे असं काही लोकसंख्याशास्त्रज्ञ मांडतात, काही अर्थशास्त्रज्ञ ते खोडून काढतात. तो वाद इथे नको.

आता उलटा काळ. महाराष्ट्रात एका बाईला सरासरी होणारी मुलं १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.९ होती, १९९८-९९ मध्ये २.५, २००५-०६ मध्ये २.१, आणि २०१९-२१ मध्ये १.७. एकूण लोकसंख्या मात्र वाढतच राहिली, कारण आयुष्य लांबलं आणि आधीच्या मोठ्या तुकड्यांतल्या मुली आता आया झाल्या होत्या. पारावरच्या प्रश्नाचं उत्तर हेच: डोकी वाढत होती, पाळणे नाही. राज्यात २००१ साली सहा वर्षांपर्यंतची मुलं सुमारे १ कोटी ३७ लाख होती, २०११ मध्ये १ कोटी ३३ लाख. दहा वर्षांत राज्य सोळा टक्क्यांनी वाढलं आणि पाळण्यातली तुकडी आक्रसली. 'लोकसंख्येचा स्फोट' म्हणून अजून भाषणं ठोकणाऱ्यांना हा रकाना दाखवायला हवा.

राज्याची घट सावकाश आहे. खेड्यातली त्याहून जास्त असणार, कारण तरुण जोडपी सुरत, नाशिक, पुण्याला गेली की त्यांचे पाळणेही तिकडेच मोजले जातात. आपण सोयीसाठी वर्षाला १ टक्का घट धरू. पाच वर्षांत ती ४.९ टक्के होते. मुलींचं प्रमाण जळगावच्या २००१ च्या आकड्याइतकं, म्हणजे ८८० धरू. ८८० मधून ४.९ टक्के गेले, उरल्या ८३७. म्हणजे हजार मुलग्यांसमोर ८३७ मुली, पहिल्या वर्षी १६३ मुलगे मागे राहिले.

हे १६३ जण घरी जाऊन बसत नाहीत, रांगेत थांबतात. दुसऱ्या वर्षी नवे ९९० मुलगे येतात, जुने १६३ आहेतच, मिळून ११५३. समोर मुली ८२९. मागे राहिले ३२४. तिसऱ्या वर्षी रांगेत १३०४, मुली ८२०, मागे ४८४. चौथ्या वर्षी १४५४, मुली ८१२, मागे ६४२. पाचव्या वर्षी रांगेत उभे १६०३ आणि मुली ८०४.

पुन्हा वाचा. प्रत्येक वर्षीची तूट जेमतेम सोळा टक्के आहे, पण पाचव्या हंगामात एका मुलीमागे दोन मुलगे उभे आहेत. एकाही मुलीने एकही अपेक्षा वाढवली नाही, तरी. तूट ही धार असते आणि रांग ही टाकी. धार बारीक असली तरी खालचा नळ बंद असेल तर टाकी भरतच जाते. माझ्या गणितात रांग सोडून कोणी जात नाही; प्रत्यक्षात काहीजण नाद सोडतात, काही मध्यस्थाकरवी परराज्यातली मुलगी करतात, काही स्वतःच्या वयाची करतात. शेवटच्यांनी तर शहाणपणच केलं, कारण अंतर शून्य झालं की ८३७ च्या जागी थेट ८८० येतात. एवढ्याने रांग संपत नाही, पण वाढीचा वेग चौथ्या हिश्शाने कमी होतो. वधू-वर मेळाव्यांत 'मुलगी चार-पाच वर्षांनी लहान हवी' असं छापतात ना, ती ओळ मुलांच्याच पायावर धोंडा आहे.

फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ क्रिस्तोफ गिलमोतो यांनी २०१२ मध्ये भारत आणि चीनसाठी रांगेचा असाच हिशेब पार २१०० सालापर्यंत मांडला, अर्थात माझ्या पेन्सिलीपेक्षा पुष्कळ काटेकोर. वाईटात वाईट गृहीतं धरली तर तीन दशकं लग्नाला उभे मुलगे मुलींच्या दीडपटीहून जास्त राहतील, असं त्यातून निघालं. जन्माचं प्रमाण आज सुधारलं तरी रांग लगेच ओसरत नाही. टाकीच ती.

पण हे गणित सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे. मग पुण्यातल्या कंपनीतल्या मुलाचं जमतं आणि जिभाऊंच्या मुलाचं का अडतं? गिरणेच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. पाटाला पाणी सुटलं की वरच्या अंगाची शेतं आधी भरतात. धरणात दहा टक्के पाणी कमी असेल तर प्रत्येकाला दहा टक्के कमी मिळत नाही. वरच्याला पूर्ण मिळतं आणि टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या गावाला पाट कोरडा दिसतो. लग्नाची तूट तशीच खाली ढकलली जाते. शहरातला नोकरीवाला, मग तालुक्याला दुकान असलेला, मग बागायतदार, मग कोरडवाहू, मग सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. टेलला सालदार, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार मिळत नाही म्हणून रडणाऱ्या शेतकऱ्याचा स्वतःचा मुलगा त्याच्या दोन जागा वर.

मुलींना पाण्याची उपमा दिली, राग मानू नका. पाणी उतार बघून वाहतं, मुली विचार करून जातात. शेतीला थ्री-फेज लाइट रात्री बारानंतर, नवरा मोटार सुरू करायला अंधारात वावरात. नळाला आठवड्याने पाणी. सकाळी भाकरी थापून कापूस वेचायला जायचं. आजारपण निघालं तर तालुक्याला पळायचं. बारावी झालेली मुलगी हे नको म्हणते, यात अपेक्षा कसली? तिच्या आईने हेच भोगलं आणि आईच तिला सांगते, शेतकरी नको. शेती हवी मात्र असते. बायोडाटात 'गावी चार एकर बागायत' लागतेच, फक्त जावयाने ती कसायची नाही.

जिभाऊंना हे सगळं मी मंदिराबाहेरच्या टपरीवर चहाच्या पाकिटाच्या मागे लिहून दाखवलं. ८३७ पर्यंत ते मान डोलावत होते, १३०४ ला त्यांचं लक्ष उडालं. मग टेलच्या गावाची गोष्ट सांगितली, ती त्यांना लगेच पटली. मी विचारलं, धाकट्या मुलीचं कुठे दिलंत? "पुन्याले," जिभाऊ म्हणाले, "कंपनीमा शे जावई." आणि मुलाकडे न बघता चहा संपवला.

पुढच्या जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. २०११ मध्ये शून्य ते सहा वयात मोजली गेलेली जळगावची ८४२ वाली तुकडी त्या दिवशी सोळा ते बावीस वर्षांची असेल. जिभाऊंचा मुलगा ज्या रांगेत उभा आहे तिच्यात पुढेमागे ८८० वालेच आहेत. ८४२ वाल्यांपैकी बहुतेक मुलगे अजून रांगेत आलेलेच नाहीत. कायद्याने मुलाला एकवीस पूर्ण व्हावी लागतात.