आजोळ कुठल्या दिशेला?

परदेशात वाढलेले पोर सुट्टीत आजी-आजोबांच्या देशात येते. आधी कंटाळते, तोंड वाकडे करते. मग एखादी जुनी पेटी, पत्र नाहीतर पिवळा पडलेला फोटो हाती लागतो आणि घराण्याची गोष्ट उलगडू लागते. इंग्रजी बालकादंबरीत हा साचा आता चांगलाच रुळलाय. लातूर, नांदेड, संभाजीनगरहून न्यू जर्सी नाहीतर मेलबर्नला गेलेल्यांची मुले असली पुस्तके तिथल्या शाळेच्या ग्रंथालयातून घरी आणतात. या साच्याची सुरुवात मात्र नेमकी उलट्या दिशेने झाली.

१९११ साली आलेल्या 'द सीक्रेट गार्डन'ची नायिका भारतात जन्मलेली इंग्रज मुलगी आहे. पटकीच्या साथीत आईबाप जातात आणि तिची रवानगी यॉर्कशायरला, काकांच्या, तिने कधी न पाहिलेल्या घरी होते. तिथल्या मोकळ्या हवेत ती सुधारते. भारत म्हणजे मागे टाकायचा उकाडा आणि आजारपण. साम्राज्याच्या काळातली 'घरवापसी' वेगळी कशी असणार?

वारे फिरले १९६५ च्या आसपास. त्या वर्षी अमेरिकेने देशानुसार कोटा ठरवणारा जुना स्थलांतर कायदा बदलला, आणि आशियातल्या डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडले. त्याच वर्षी शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी तिथल्या बालपुस्तकांचा हिशेब मांडला. १९६२ ते १९६४ मधली ५,२०६ पुस्तके तपासली, तर कृष्णवर्णीय पात्र जेमतेम ६.७ टक्के पुस्तकांत. १९९० मध्ये बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी पुस्तकाला आरसा, खिडकी आणि सरकते दार म्हटले, म्हणजे स्वतःला पाहायला, दुसऱ्यांना पाहायला आणि त्यांच्या जगात शिरायला, आणि शाळा-ग्रंथालयांना पुस्तके निवडायला एक माप मिळाले. तोवर स्थलांतरितांची मुले मोठी झाली होती, स्वतः लिहू लागली होती. थोडक्यात, हा प्रकार फोफावला त्यामागे गावाच्या आठवणीने दाटलेला गळा आहेच, पण ग्रंथालयांची खरेदीही तेवढीच आहे.

मराठीला यातले मूळ बीज परके नाही. आपल्याकडे मामाच्या गावाला जाणे हीच मुळात परतीची गोष्ट. शिवाय मराठीतले पहिले छापील बालपुस्तक मानले जाते ती 'बालबोध मुक्तावली' १८०६ साली निघाली कुठे? तंजावरला, सरफोजीराजांच्या पदरी. घरापासून शेकडो कोस लांब, पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या माणसांत. लांब राहून भाषा सांभाळायची सवय जुनीच आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे.

मराठवाड्यातून परदेशी जाण्याची लाट मात्र उशिराची. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाकडे, राज्यकारभार उर्दूत. मराठवाडा विद्यापीठ आले १९५८ ला, इंजिनिअरिंग कॉलेजे त्यानंतर. म्हणून इथल्या घरातल्या पेटीतून काय निघेल याचाही विचार करावा लागतो. पणजोबांचे कागद उर्दूत असतील नाहीतर मोडीत. नातवाला ते वाचता येणार नाहीत हे सोडा, बापालाही येणार नाहीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात निजामकालीन दप्तरे उघडली, तेव्हा मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना केवढा भाव आला होता! पेटी उघडली की लगेच रहस्य कळते, हा साचा इथे चालायचा नाही.

सुट्टीचेही तसेच. अमेरिकेतल्या शाळांची मोठी सुट्टी साधारण जून ते ऑगस्ट. म्हणजे पोर येते ते केशर आंबा संपल्यावर, पेरणीच्या धांदलीत. घरातल्या कुणालाही त्याच्याशी गप्पा मारायला वेळ नसतो. आभाळाकडे बघण्यातच सगळे गुंतलेले. नाताळच्या सुट्टीत आले आणि तिथी जुळली तर लातूर-धाराशिवकडची येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण, सापडते. शेतात कडब्याची कोप, भज्जी, आंबील आणि 'ओलगे ओलगे'ची आरोळी. लेखकाने कॅलेंडर पाहिले तरी निम्मे कथानक आपोआप हाती येईल.

आणि ज्या घरी परतायचे ते घर आहे का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली कितीतरी गावे जागेवरून उठून नव्या वसाहतींत गेली. पैठणच्या वरच्या अंगाची जुनी गावठाणे नाथसागर धरणाच्या पाण्याखाली आहेत. माळवदाचा वाडा, ओसरी, बळद हे सगळे आजीच्या बोलण्यात शिल्लक. तिने बोट दाखवावे तिकडे बाभळी नाहीतर पाणी.

मला खरी ओढ वाटते ती याच मुलखातल्या दुसऱ्या टोकाच्या गोष्टीची. ज्यांचे मूळच परदेशात आहे अशी पोरे मराठवाड्यात कमी नाहीत. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर हबशी होता, लहानपणी विकला गेलेला. त्याची कबर खुलताबादला आहे. आईबाप इथिओपियात राहिले ते राहिलेच. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याभोवतीच्या शीख घरांची मुळे पंजाबात. तो देश परका नाही, पण भाषा, लिपी, अन्न सगळे वेगळे. आणि चाऊस. निजामाच्या फौजेत आलेल्या हद्रमौतच्या अरबांचे वंशज. हैदराबादची बरकस वस्ती त्यांचीच, पण संभाजीनगर, परभणी, नांदेडातही त्यांची घरे आहेत. हद्रमौत आज येमेनमध्ये.

अशा घरातला परभणीचा दहा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. शाळेत मराठी, घरात दखनी, आडनाव ऐकून मास्तर दोनदा विचारणार. येमेन २०१४ पासून युद्धात होरपळतोय, तेव्हा सुट्टीत तिकडे जाण्याचा प्रश्नच नाही. रमजानात हलीम ढवळताना दादा, म्हणजे आजोबा, एवढेच म्हणतो, की ह्याला आपल्याकडे हरीस म्हणायचे. 'आपल्याकडे म्हणजे कुठं?' असे पोरगे विचारते, आणि दादा पळी तशीच धरून थांबतो, कारण तोही कधी तिकडे गेलेला नसतो.