सेन्सरचं पॅकेट: २३.५ चे ०.०० कसे होतात

सातपूर-अंबडच्या कारखान्यातला मीटर असो की दिंडोरीच्या द्राक्षबागेत टांगलेला पान-ओलावा सेन्सर, आकडा मोजणं आता सोपं झालंय, तो कुठल्या क्रमाने पाठवायचा तिथे गाडी अडते.

आधी ४-२० मिलीअँपवर काम चालायचं, म्हणजे वायरीतला करंट किती यावरूनच आकडा कळायचा. बाइटचं पॅकेटच नव्हतं तर भांडण कसलं. १९७९ ला पीएलसीसाठी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या कंप्युटरसाठी, मॉडबस नावाची आकडे पाठवायची पद्धत आली आणि आजही आरएस-४८५ ची (अशा उपकरणांना जोडणारी) वायर दिसली की बहुतेक वेळा तोच निघतो. त्यात रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा खण, १६ बिटचं (दोन बाइट), मोठ्या किमतीचा बाइट आधी, हे स्पष्ट आहे. पण दशांशवाला आकडा असतो ३२ बिटचा, त्याला दोन रजिस्टर लागतात, आणि त्यातलं आधी कुठलं हे ठरवलंच नाही! आता फ्लोटचं, म्हणजे अशा दशांशवाल्या आकड्याचं, स्टँडर्डच १९८५ चं, त्यामुळे मूळ लोकांना काय बोलणार, पण नंतर तरी कुणीतरी बसून ठरवायचं ना. मग काय, ज्याने त्याने आपापलं ठरवलं. २३.५ अंश म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या लिखाणात) ४१ बीसी ०० ००, हे चार बाइट, कुणी तसंच पाठवतं तर कुणी ०० ०० ४१ बीसी, आणि क्रम चुकला की येणारा आकडा इतका बारीक असतो की स्क्रीनवर सरळ ०.०० दिसतं आणि माणूस वायरी तपासत बसतो. आमचा अख्खा दिवस गेलाय यात, वायरिंग दोनदा उसकटलं, मॅन्युअलमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही.

त्यात ‘एंडियन’ हा शब्द, मोठा बाइट आधी की छोटा हे सांगणारा. १९८० च्या एका लेखातून रुळला, अंडं मोठ्या टोकाने फोडायचं की छोट्या यावरून लढणाऱ्यांच्या गोष्टीवरून घेतलेला. तो बाइटच्या क्रमाचा, मॉडबसचा घोळ रजिस्टरच्या क्रमाचा, पण बोलताना दोन्हीला एंडियनच म्हणतात आणि फोनवर निम्मा वेळ कोण कशाबद्दल बोलतंय तेच कळत नाही.

बागेत एवढी वायर ओढणं परवडेना, मग २०१५ नंतर लोरावॅन आलं, कमी बॅटरीत लांबवर थोडासा डेटा पाठवणारं रेडिओ नेटवर्क. आपल्याकडे ८६५-८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा, आणि सगळ्यात लांब पल्ल्याच्या सेटिंगला पेलोड (पॅकेटमधला आपला डेटा) जेमतेम ५१ बाइट. जेसन, म्हणजे प्रत्येक आकड्यासोबत त्याचं नाव लिहिलेला मजकूर, पाठवलं तर नावांतच जागा संपते, म्हणून तापमान दहाने गुणून दोन बाइटात: २३५, म्हणजे ०० ईबी. उलटं वाचलं तर उणे ५३७.६, निदान चूक दिसते तरी. गंमत म्हणजे लोरावॅनचं स्वतःचं हेडर (पॅकेटच्या सुरुवातीची माहिती) छोटा बाइट आधी ठेवतं, आतलं पेलोड बरेच जण मोठा आधी ठेवून भरतात.

हल्ली पहिला बाइट फॉरमॅटच्या व्हर्जनसाठी राखतात. ऑक्टोबर छाटणीनंतर नवे सेन्सर लावले की जुने-नवे एकाच गेटवेवर (सगळ्या सेन्सरची पॅकेटं घेणाऱ्या उपकरणावर) येतात, डिकोडर, म्हणजे बाइटचे परत आकडे करणारा प्रोग्राम, तो बाइट बघूनच पुढचं वाचतो.