काळा घोडा: महोत्सवाच्या पैशातून दगडाची डागडुजी

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिण मुंबईतला के. दुभाष मार्ग नऊ दिवस वाहनांना बंद होतो आणि तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. काळा घोडा कला महोत्सव म्हणून हा मेळा देशभर ओळखला जातो. तो भरवणारी काळा घोडा असोसिएशन ही ना-नफा संस्था मात्र ३० ऑक्टोबर १९९८ रोजी स्थापन झाली ती परिसरातल्या जुन्या वास्तू आणि रस्ते सांभाळण्यासाठी. १९९९पासून सुरू झालेला महोत्सव हा त्यासाठी पैसा उभा करण्याचा मार्ग होता. लोकांना प्रवेश फुकट, खर्च प्रायोजकांचा आणि उरलेला पैसा परिसराच्या कामाला, असा तो हिशेब. ही गरज का पडली हे कळायला थोडे मागे जावे लागते.

के. दुभाष मार्गाचे जुने नाव रॅम्पार्ट रो. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात फोर्टाचा तट पाडला गेला आणि तटाबाहेरच्या मोकळ्या मैदानाच्या कडेला मोक्याचे भूखंड मिळाले. पुढच्या ५०-६० वर्षांत तिथे एकापाठोपाठ एक इमारती उभ्या राहिल्या. डेव्हिड ससून वाचनालय १८७०चे, केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १८८४चे. शेजारची एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत त्याच दशकातली. ती मुळात सरकारी छापखान्यासाठी योजलेली होती. समोरच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, पायाभरणी १९०५ची आणि ते लोकांना खुले झाले १९२२ साली. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ची, काँक्रीटची. परिसराला नाव देणारा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, अश्वारूढ ब्राँझ पुतळा. अल्बर्ट ससूनने दिलेला हा पुतळा १९६५ साली इथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, नाव राहिले. २०१७मध्ये स्वाराविना एक नवा घोडा चौकात आला.

इमारती म्हाताऱ्या झाल्या हे खरे, पण दुरुस्ती तुंबली ती वयामुळे नव्हे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. महिन्याकाठी येणाऱ्या भाड्यात एक पन्हळ बदलून होत नसेल, तर मालक छपरावर कशाला चढेल? १९६९च्या कायद्याने उपकर लावून दुरुस्ती मंडळ आणले. त्या वेळी उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. मंडळाचे काम इमारत पडू नये एवढ्यापुरते. सागाच्या तुळईला लोखंडी गर्डरचा टेकू, वर सिमेंटचा गिलावा, की झाली दुरुस्ती. माणसे वाचली, वास्तूचे रूप गेले.

दुसरीकडे, पुरातत्त्व कायद्याचे संरक्षण किल्ले, लेणी, देवळे यांना होते. वापरातले वाचनालय किंवा कॉलेज त्यात बसत नव्हते. १९९५ साली मुंबईची वारसा नियमावली मंजूर झाली. शहराच्या पातळीवरची ही देशातली पहिलीच नियमावली. विकास नियंत्रण नियमावलीतला ६७वा नियम म्हणून ती ओळखली जाई. आता तो विषय २०३४च्या विकास नियमावलीत ५२व्या नियमाखाली येतो. यादीतल्या वास्तूंच्या श्रेणी ठरल्या. श्रेणी १मध्ये अत्यावश्यक कामाखेरीज हात लावायचा नाही, २-अमध्ये आतले बदल परवानगीने, २-बमध्ये त्याच आवारात जास्तीचे बांधकामही विचारात घेता येते, श्रेणी ३मध्ये बरीच मोकळीक. वारसा समितीची संमती लागू झाली, बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला तो दुसरीकडे वापरण्याची तरतूद झाली.

या नियमावलीने पाडकाम अडवले. छप्पर गळणे कुठलीही यादी अडवत नाही. नियमावली मालकाला 'हे करू नकोस' असे सांगते. 'हे कर, आणि त्याचे पैसे हे घे' असे सांगत नाही. काळा घोडा असोसिएशन नेमकी या फटीत जन्मली. १९९०च्या दशकात अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने (संस्था १९८४ची) या परिसराचा अभ्यास करून त्याला 'कला परिसर' म्हणून पुढे आणण्याची कल्पना मांडली होती. वस्तुसंग्रहालय, दालने, वाचनालय हे सगळे चालत्या अंतरावर. तेव्हा एकेका इमारतीपुरते न पाहता सगळ्या परिसराची एक ओळख तयार करावी आणि त्या ओळखीवर पैसा आणावा, असा विचार. त्याच सुमारास दादाभाई नौरोजी मार्गावर दुकानांच्या पाट्यांना शिस्त लावण्याचे काम सुरू झाले होते. पाटी कमानीच्या आत बसली पाहिजे, कोरीवकाम झाकता कामा नये, इतका साधा नियम. खर्च नगण्य आणि परिणाम रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसणारा.

काळा घोड्यालाही मोठ्या कामाआधी रस्त्याकडे पाहावे लागले: पदपथ, दिवे, बाके, फलक. यामागे व्यवहार आहे. रस्ता पालिकेचा, कॉलेज राज्य सरकारचे, वाचनालय त्याच्या विश्वस्तांचे, बाकी इमारतींत मालक वेगळा आणि भाडेकरू वेगळा. स्थानिक संस्थेच्या हाती सही करण्याचा अधिकार नसतो. प्रत्येक कामाला आधी मालकाशी करार, मग वारसा समितीची संमती, मग पालिकेची परवानगी, आणि तोवर पावसाळा तोंडावर. म्हणून जिथे मालक एकच आणि राजी आहे अशा वास्तू आधी निघतात. फोर्टातली दोन कामे त्याच प्रकारची: बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळ मनोरा आणि रतनसी मुळजी जेठा कारंजे. दोन्ही सार्वजनिक, दोन्ही पालिकेच्या ताब्यातली. असोसिएशनने पैसा आणि पुढाकार दिला, संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी काम पाहिले. मनोऱ्याला २०१७मध्ये आणि कारंज्याला २०१८मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत स्थान मिळाले. १८९४चे हे कारंजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचेच वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे. अकाली वारलेल्या मुलाच्या आठवणीत बापाने बांधलेले. माथ्यावर पुस्तक घेतलेला मुलगा आहे, खाली प्राण्यांची शिल्पे.

अशा कामात नेमके काय करावे लागते हे दगडावरून ठरते. मुंबईच्या या वास्तूंत मुख्यतः चार दगड भेटतात. काळा बेसाल्ट पायाला आणि जोत्याला; तो पाणी फारसे पीत नाही. मालाड आणि कुर्ल्याचा पिवळसर दगड भिंतींना. ससून वाचनालयाचा दर्शनी भाग त्याचाच. पोरबंदरचा चुनखडीचा दगड कोरीवकामाला, कारण तो मऊ, टाकीला लवकर वश होतो; त्याच मऊपणामुळे धूर आणि खारा वारा यांनी आधी झिजतो. शिवाय अधूनमधून तांबडा वालुकाश्म. मालाड-कुर्ल्याच्या खाणी कधीच बंद झाल्या. बदली दगड हवा असेल तर पाडकामातून निघालेला जुना दगड शोधायचा, नाहीतर रंग आणि दाणा जुळणारा दुसरा. पांढरा पडलेला एखादा चिरा नव्या भिंतीत चालून जातो, जुन्या भिंतीत लांबूनच डोळ्यात खुपतो.

सगळ्यांत जास्त नुकसान सिमेंटने केले. मूळ बांधकाम चुन्यातले. मुंबईत वर्षाला सुमारे २२०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भिंत भिजणारच, चिऱ्यांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून, म्हणजे दरजांतून, ती पावसाळ्यानंतर हळूहळू वाळते. त्या दरजा कुणीतरी सिमेंटने बुजवल्या की पाण्याची वाट बंद. ते दगडातून बाहेर पडू लागते, सोबत क्षार आणते, क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक बनून फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. बाहेरून दरज शाबूत आणि दगड खंगलेला, हे दृश्य फोर्टात पावलोपावली दिसते. म्हणजे जो भाग झिजायला हवा तो टिकला आणि जो टिकायला हवा तो गेला.

म्हणून पहिले काम सिमेंट काढण्याचे. ते छिन्नी-हातोड्यानेच करावे. ग्राइंडर लावला तर दिवसाचे काम तासात होते आणि चिऱ्यांच्या कडा कायमच्या कापल्या जातात. दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २० ते २५ मिलिमीटर खोल मोकळी करायची, धूळ झाडून पाण्याने भिजवायची. चुना कळीचा घेऊन पाण्यात विरवायचा आणि निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा. न मुरलेला कण नंतर भिंतीत फुटतो आणि गिलाव्यावर फोड येतो. मुरलेल्या चुन्याच्या एका भागाला वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, मिळून अडीच ते तीन भाग, आणि मिश्रण चुन्याच्या घाण्यात चांगले मळून. जुने गवंडी त्यात गूळ, मेथी, बेलफळाचे पाणी घालत. आजही काही घालतात. पण गुळाचे प्रमाण चुकले की मुंग्या आणि बुरशी येते, हेही तेच सांगतात. दरज एकदम न भरता साधारण १० मिलिमीटरच्या थरांनी भरायची. मग ओल्या गोणपाटाखाली एक-दोन आठवडे. ही पायरी ठेकेदार सर्वांत आधी गाळतो, कारण पाणी मारणाऱ्या माणसाची मजुरी मोजमापाच्या वहीत दिसत नाही. उन्हात घाईने वाळलेला चुना बोटाने खरवडला तरी भुकटी होऊन येतो.

दगड धुण्यातही घाई नडते. वाळूचा मारा केला की भिंत दोन दिवसांत लख्ख होते, पण दगडाची वरची टणक साय निघून जाते आणि नवी काजळी दुप्पट वेगाने धरते. आम्लाने चुनखडीचा पोरबंदर दगड अक्षरशः विरघळतो. पाण्याचा बारीक फवारा, नायलॉनचा ब्रश आणि धीर. हट्टी काळ्या थरावर ओल्या मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा लेप. तेलरंग फासलेला असेल, आणि सार्वजनिक कारंज्यांवर तो हमखास असतो, तर आधी कोपऱ्यात हातभर जागेवर प्रयोग करून पाहायचा.

पिंपळ हा वेगळाच पाहुणा. कावळा बी टाकतो, दरजेत चुना ओला असतो, रोप लागते. ओढून काढले तर वरचा भाग हाती येतो आणि मुळाचे खोड होऊन चिरे सरकतात. बुंधा कापून, त्यात भोके पाडून औषध भरायचे, मूळ मेल्यावर दरज उघडून तुकडे काढायचे आणि मगच चुना. दुसरा लपलेला शत्रू म्हणजे दगडाच्या पोटातले लोखंड: पकडी, सळया, सज्ज्याखालचे गर्डर. गंजलेले लोखंड मूळ आकाराच्या कित्येक पट फुगते आणि दगड आतून फोडते. तडा बाहेर दिसतो, तो बुजवला जातो, दोन पावसाळ्यांनी तिथेच पुन्हा येतो. पकड काढून तिथे स्टेनलेस स्टीलची बसवली तरच तो थांबतो.

पाणी वरून कसे बिघडवते याचा धडा ससून वाचनालयात आहे. मूळ उतरते छप्पर काढून तिथे १९६०च्या सुमारास काँक्रीटचा सपाट स्लॅब टाकला होता. स्लॅबने भिंतींवर वजन वाढवले, गळती आणली आणि वाचनकक्षाची उंचीही खाल्ली. २०२३मध्ये पूर्ण झालेल्या कामात संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी स्लॅब काढून पुन्हा उतरते छप्पर बसवले. जवळच्या सिनेगॉगचे काम त्यांनीच २०१९मध्ये पूर्ण केले होते. या मोठ्या कामांत पैसा मुख्यतः उद्योगसमूहांच्या देणग्यांचा. महोत्सवाचा पैसा एवढ्या कामाला पुरणारा नव्हता. त्याने केले ते इतकेच की या परिसरात पैसा घालणे प्रतिष्ठेचे ठरवले.

आणि याच चौकात एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे, जुने वॉटसन हॉटेल. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून सुटा आणलेला. लुमिएर बंधूंची चलचित्रे ७ जुलै १८९६ रोजी इथेच दाखवली गेली. श्रेणी २-अ, म्हणजे कागदावर संरक्षण. आत मोजता येणार नाहीत इतके भाडेकरू होते, त्यांत वकिलांची कार्यालये भरपूर. २००५मध्ये सज्ज्याचा भाग कोसळून एक जण दगावला, २०१९मध्ये ती रिकामी करावी लागली. बीड दाबाला भक्कम पण ताणाला ठिसूळ. जोडकाम अवघड, बऱ्याचदा तो भाग बदलावाच लागतो. मालक आणि भाडेकरू एकमेकांविरुद्ध उभे असतील तिथे शेजारची संस्था कितीही पैसा घेऊन आली तरी तो कुणाच्या हाती द्यायचा हेच ठरत नाही. काळा घोड्यात जे झाले आणि जे राहिले त्यांतला फरक बराचसा एवढाच आहे.

२०१८मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यानंतर पाट्या, नकाशे, पदयात्रा यांना पैसा मिळणे सोपे झाले. अवघड आहे ते पुढचे: दर वर्षी मे अखेरीस पन्हळी आणि बिडाच्या उतरत्या पाइपांची तोंडे साफ करणे, ऑक्टोबरात दुर्बिणीतून कंगोऱ्यांवर पिंपळाची रोपे शोधणे, सुटलेली कौले सरळ करणे. या कामावर देणगीदाराची पाटी लागत नाही. संवर्धनाच्या अंदाजपत्रकात हे कलम बहुधा शेवटच्या पानावर असते आणि पैसे कमी पडले की तेच आधी खोडले जाते. एका तुंबलेल्या पाइपाखालचा कोपरा दोन पावसाळ्यांत हिरवा आणि चौथ्यात पोकळ होतो.