काडतूस पुनर्भरण प्रेससाठी वंगणाची निवड

एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी मूळ मापावर आणणे, तिच्यातील जळालेला प्राइमर (आघाताने पेटून दारूला आग लावणारी बुडाची छोटी टोपी) काढून नवा बसवणे, मोजून दारू भरणे आणि शेवटी गोळी दाबून बसवणे ही कामे ज्या हातयंत्रावर केली जातात, त्याला पुनर्भरण प्रेस म्हणतात. या यंत्राच्या सरकणाऱ्या आणि फिरणाऱ्या भागांना कोणते वंगण द्यावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो, कारण यंत्र संथ चालते, तापत नाही आणि त्यामागे हाताच्या जोराखेरीज दुसरी शक्ती नसते. प्रत्यक्षात या संथपणामुळेच वेगाने फिरणाऱ्या यंत्रांचे वंगणाविषयीचे ठोकताळे येथे लागू पडत नाहीत. शिवाय यंत्राच्या लगतच उघडे प्राइमर आणि दारू हाताळली जाते, त्यामुळे वंगण किती निसरडे आहे यापेक्षा ते किती घाण धरून ठेवते आणि लावल्या जागेपासून किती दूर पसरते, हे आधी पाहावे लागते.

प्रेसची रचना साधी असते. बीड, पोलाद किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीतील दंडगोल भोकात पोलादी दट्ट्या वरखाली सरकतो आणि त्याच्या माथ्यावर पुंगळी अडकवलेली असते. दट्ट्याला दांड्याशी जोडणाऱ्या पट्ट्या पिनांवर झुलतात. दट्ट्या वर पोहोचत आला की या सांध्यांची तरफ सरळ रेषेत येऊ लागते आणि दांड्यावर दिलेला जोर अनेक पटींनी वाढतो. पुंगळी तिला मूळ मापावर आणणाऱ्या साच्यात दाबली जाते ती नेमकी याच वेळी, म्हणजे पिनांवर सर्वाधिक भार येतो तेव्हा त्यांची हालचाल जवळजवळ थांबलेली असते.

वंगणाच्या दृष्टीने ही सर्वांत प्रतिकूल स्थिती होय. जर्मन अभियंता रिचर्ड श्ट्रिबेक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी धारव्यांवर (बेअरिंगवर) केलेल्या प्रयोगांतून वेग, भार आणि तेलाची श्यानता (दाटपणा) यांचा घर्षणाशी असलेला संबंध स्पष्ट झाला. वेग पुरेसा असेल तर तेलाची पाचर दोन पृष्ठभागांच्या मध्ये ओढली जाऊन त्यांना एकमेकांपासून उचलून धरते. वेग कमी आणि भार जास्त असेल तर ही फिल्म तुटते आणि धातूला चिकटून राहिलेला अतिशय पातळ थर तेवढा संरक्षणाला उरतो. या दुसऱ्या प्रकाराला सीमा वंगणक्रिया म्हणतात. प्रेसचा दट्ट्या प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो आणि उलट दिशेने निघतो, पिना तर अर्धा फेराही पूर्ण फिरत नाहीत; त्यामुळे दोन्ही ठिकाणी बहुतांश काम सीमा वंगणक्रियेवरच चालते. म्हणून येथे नुसत्या जाडीपेक्षा धातूला चिकटणारे आणि झीज रोखणारे घटक असलेले वंगण उपयोगी पडते.

तरीही प्रेस झिजण्याचे मुख्य कारण घर्षणापेक्षा घाण हे असते. जुना प्राइमर ठोकून बाहेर काढताना त्यातील जळका अवशेष भुकटीच्या रूपात खाली पडतो. प्रचलित प्राइमरांच्या मिश्रणात शिशाचे स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असते, तर काही मिश्रणांत घर्षण वाढवण्यासाठी काचेची पूडही घातलेली असते. ही खरखरीत भुकटी ओल्या दट्ट्यावर बसली की वंगण आणि भुकटी मिळून धातू घासण्याचा लेपच तयार होतो आणि प्रत्येक फेरीला तो दट्ट्या व चौकटीचे भोक थोडे थोडे कुरतडत राहतो. भोक सैल झाले की दट्ट्या साच्याच्या रेषेत राहत नाही. दट्ट्या पोकळ ठेवून प्राइमर नळीवाटे थेट डब्यात सोडणाऱ्या प्रेसमध्ये हा त्रास बराच कमी असतो. ज्या रचनेत प्राइमर दट्ट्याच्या बाजूच्या खाचेतून सांध्यांवर पडतात, तेथे वंगणाचे प्रमाण आणि पुसण्याची वारंवारता यांवरच यंत्राचे आयुष्य अवलंबून असते.

यावरून दट्ट्या आणि पिना यांना एकच वंगण लावण्याची सरसकट पद्धत योग्य नाही, असे म्हणावे लागते. दट्ट्या उघडा असतो आणि त्यावर भुकटी पडणारच, म्हणून त्याला पातळ ते मध्यम यंत्रतेल पुरते. आयएसओ श्यानता वर्ग ३२ ते ६८ या टप्प्यातील तेल या कामास सोयीचे असते. (हे आकडे ४० अंश सेल्सिअस तापमानाला तेलाची श्यानता सेकंदाला किती चौरस मिलिमीटर आहे हे दाखवतात.) यंत्रांच्या सरकमार्गांसाठी बनवलेले चिकट तेल मिळाले तर अधिक चांगले, कारण ते हळू चालीतही हिसके येऊ देत नाही. दोन-तीन थेंब लावून दट्ट्या काही वेळा वरखाली करावा आणि वर दिसणारे तेल फडक्याने पुसून घ्यावे; बिडाच्या पृष्ठभागात मुरलेले तेल काम भागवते. पिनांचे मात्र उलट आहे. तेथे फट बंदिस्त, दाब मोठा आणि हालचाल थोडी, त्यामुळे तेल निथळून जाते आणि ग्रीस टिकते.

ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्टकाच्या तंतुमय जाळ्यात धरून ठेवलेले तेल होय. त्याची घट्टता अमेरिकेतील एनएलजीआय या संस्थेच्या क्रमांकांनी सांगितली जाते. मोटारींत सर्वत्र वापरले जाणारे २ क्रमांकाचे ग्रीस पिनांना चालते; थंड खोलीत मात्र ते आखडते, म्हणून तेथे १ क्रमांकाचे घ्यावे. ही केवळ सोयीची बाब नाही. प्राइमर बसवताना तो खोबणीच्या तळाला टेकल्याचे दांड्यातून हाताला कळावे लागते आणि घट्ट ग्रीसमुळे ही जाणीव बोथट होते. लिथियम साबणाचे साधे ग्रीस बहुतेक प्रेसना पुरेसे असते. त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड असल्यास पिनांना फायदा होतो, कारण त्याच्या स्फटिकाचे थर एकमेकांवरून सहज घसरतात आणि तेल पिळून निघाले तरी धातू धातूला भिडत नाही. हात काळे होतात एवढाच दोष. जुने ग्रीस पूर्ण न पुसता त्यावर वेगळ्या घट्टकाचे ग्रीस भरणे मात्र टाळावे. उदाहरणार्थ, लिथियम आणि पॉलियुरिया यांची मिश्रणे अनेकदा पातळ होऊन गळू लागतात.

खाद्यतेले हवेतील ऑक्सिजनने चिकट होतात, म्हणून ती वर्ज्य. फवाऱ्याच्या डब्यातील झिरपणारी तेलेही येथे अयोग्य ठरतात. १९५३ मध्ये तयार झालेले डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी दूर सारण्यासाठीचे मिश्रण आहे. त्यातील बराचसा भाग उडून जातो आणि उरलेला पातळ थर पिनांचा भार दीर्घकाळ पेलण्यास अपुरा पडतो. त्याहून मोठा धोका फवाऱ्याच्या पसरण्याचा आहे. झिरपणारे तेल प्राइमरमध्ये किंवा दारूत शिरले तर ती निकामी किंवा दुबळी होऊ शकतात. काडतूस अजिबात उडाले नाही तर निदान ते कळते. पण ते अर्धवट उडून गोळी नळीतच अडकली आणि ते ध्यानात न येता पुढची फैर झाडली गेली, तर बंदूक फुटू शकते. त्यामुळे वंगण देण्याआधी प्राइमर व दारू टेबलावरून हलवणे आणि प्राइमर धरणाऱ्या भागाला वंगण न लावणे, हा नियम अपवादाविना पाळावा.

पुंगळीला साच्यात जाण्यापूर्वी लावायचे वंगण ही निराळी वस्तू आहे. ते बहुधा लॅनोलिन किंवा मेण यांवर आधारित असते आणि काम झाल्यावर पुंगळीवरून पुसून काढावे लागते. ते प्रेसच्या पिनांना लावून उपयोग नाही आणि प्रेसचे ग्रीस पुंगळीला लावणे त्याहून वाईट. टंगस्टन कार्बाइडच्या साच्यांत पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्या वंगणाविना चालतात, पण त्यामुळे प्रेसची स्वतःची गरज संपत नाही.

जुने वंगण काढण्यासाठी खनिज टर्पेंटाइनसारखा द्रावक वापरतात. पुसलेल्या चिंध्यांत प्राइमरच्या भुकटीतील शिसे असते, म्हणून हातमोजे घालावेत आणि कोरडी भुकटी फुंकर मारून उडवू नये. अमोनियायुक्त सफाईद्रव्य पितळेजवळ आणू नये. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्कराने भारतात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत असत आणि घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया व पितळेतील अंतर्गत ताण ही त्याची कारणे असल्याचे १९२१ मध्ये दाखवण्यात आले. सफाईनंतर द्रावक पूर्ण उडून जाऊ द्यावा आणि मगच नवे वंगण लावावे, अन्यथा फटीत राहिलेला द्रावक ते पातळ करून टाकतो.