धर्म तपासायचा की धर्म मानणारे? या वादामागचा इतिहास

क्रुसेड (ख्रिस्ती धर्मयुद्धं), इन्क्विझिशन (पाखंडी लोकांची चौकशी करून शिक्षा देणारी चर्चची न्यायालयं), गुलामगिरी यावरून ख्रिस्ती धर्माला जोखायचं का, हा वाद निघाला की बऱ्याच जणांना वाटतं हे अलीकडच्या नास्तिकांनी काढलेलं खुसपट आहे. तसं अजिबात नाहीये. खोटे संदेष्टे त्यांच्या फळांवरून, म्हणजे करणीवरून, ओळखा असं मत्तयच्या शुभवर्तमानात येशू स्वतःच सांगतो, आणि हा वाद सगळ्यात आधी पेटला तोही चर्चच्या आतच.

३०३ साली रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती धर्मग्रंथ जाळायचा हुकूम काढला, तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या काही धर्मगुरूंनी जीव वाचवायला ग्रंथ सरकारच्या हवाली केले, मग छळ थांबल्यावर प्रश्न आला की असल्या माणसाच्या हातून झालेले बाप्तिस्म्यासारखे संस्कार धरायचे की नाही. डोनाटस पंथाचे लोक म्हणाले, नाही धरायचे. उत्तर आफ्रिकेतलाच बिशप ऑगस्टीन याने उत्तर दिलं की संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणारा नालायक असला म्हणून तो बाद होत नाही. धर्म वेगळा आणि माणसं वेगळी हा बचाव इथून पक्का झाला. पण त्याच ऑगस्टीनने पुढे याच पंथावर सरकारी बळजबरी चालेल असं म्हटलं आणि आधाराला लूकच्या शुभवर्तमानातलं 'त्यांना आत यायला भाग पाडा' हे वाक्य घेतलं. आता हे कुणा अडाणी शिपायाचं वागणं नव्हतं, चर्चच्या सगळ्यात मोठ्या विचारवंताने ग्रंथातून काढलेला अर्थ होता, म्हणून मला वाटतं इथे निव्वळ अनुयायांवर ढकलून सुटका होत नाही.

पुढे १०९९ मध्ये क्रुसेडच्या सैन्याने केलेली जेरुसलेममधली कत्तल, १२०४ मध्ये ख्रिस्ती सैन्यानेच लुटलेलं कॉन्स्टँटिनोपल, ही यादी सगळ्यांना माहीत असते. विरोध करणारे मात्र विसरले जातात. १५११ मध्ये कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर आंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन साधूने स्पॅनिश वसाहतवाल्यांना भर प्रवचनात विचारलं की हे इथले मूळ रहिवासी माणसं नाहीत का. १५५३ मध्ये जिनिव्हात सर्व्हेटस या धर्मविचारकाला पाखंडी म्हणून जाळलं तेव्हा कास्टेलिओ या प्रोटेस्टंट विद्वानाने लिहिलं, माणसाला मारणं म्हणजे सिद्धांताचं रक्षण नव्हे, ते माणसाला मारणंच.

सगळ्यात धारदार साक्ष फ्रेडरिक डग्लसची. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळालेला हा माणूस १८४५ च्या आत्मचरित्रात सांगतो की त्याचा मालक मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मेळाव्यात धार्मिक झाला आणि त्यानंतर जास्तच क्रूर झाला, एका अपंग मुलीला बांधून तिच्या उघड्या खांद्यांवर रक्त येईपर्यंत चाबूक मारायचा आणि वर बायबलचं वचन म्हणायचा, की धन्याची इच्छा माहीत असून जो पाळत नाही त्याला पुष्कळ फटके बसतील. तरीही डग्लस पुस्तकाच्या शेवटी बजावतो की माझा राग या देशातल्या ख्रिस्ती धर्मावर आहे, ख्रिस्ताच्या धर्मावर नाही. त्याच साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बाप्टिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी गुलामांचे मालक मिशनरी होऊ शकतात की नाही यावरून फुटून वेगळी संघटना काढली आणि तिने माफी मागितली ती १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी! बरं, गुलामगिरीविरोधी चळवळीत पुढे असलेले क्वेकर पंथाचे लोक आणि ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स हेही ख्रिस्तीच. पण मग हिशोब सारखा ठेवा ना, चांगलं झालं की धर्मामुळे आणि वाईट झालं की माणसांमुळे, असं कसं चालेल?

मार्च २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये जाहीर क्षमायाचना केली, सत्याच्या नावाखाली वापरलेल्या बळजबरीबद्दल, ज्यूंवरच्या अन्यायाबद्दल. हे मोठंच पाऊल होतं, पण शब्द काळजीपूर्वक निवडलेले होते, पाप केलं ते चर्चच्या लेकरांनी, चर्चने नाही. म्हणजे ऑगस्टीनचीच फारकत. टीकाकारांची हरकत नेमकी यावरच आहे आणि मला ती पटते, कारण पाखंडी लोकांकडून छळ करून कबुली घ्यायला परवानगी देणारं १२५२ चं आज्ञापत्र कुठल्या वाट चुकलेल्या लेकराने काढलेलं नव्हतं, ते काढलं होतं पोप इनोसंट चौथा याने, गादीवर बसून.