खात्यातून पैसे उडाले तर तक्रार कुठे करायची, कशी करायची, कागद काय लागतात

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या मामांना व्हॉट्सअॅपवर एक फाईल आली, नाव आरटीओ चलान आणि शेवटी डॉट एपीके, म्हणजे उघडली की फोनमध्ये अॅप टाकणारी फाईल. मामांची गाडी म्हणजे एक जुनी स्कूटर, ती दोन वर्षं अंगणातून हललेली नाही, पण चलान म्हटलं की माणूस घाबरतोच, उघडली फाईल. अर्ध्या तासात तीन वेळा मिळून ६४ हजार गेले. ओटीपी त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता, सांगायची गरजच नव्हती, ते अॅपच मेसेज वाचत होतं. मग मामा आधी बँकेत गेले, तिथे रांग, तिथून पोलीस स्टेशन, तिथून "सायबरला जा", असे चार तास गेले आणि १९३० ला फोन लावायचं मला सुचलं तेव्हा बहुतेक पैसे एटीएममधून निघालेले. ९ हजार तेवढे अडकले. धावपळ सगळी केली, फक्त क्रम उलटा झाला, म्हणून हे लिहितोय.

तर पैसे गेलेत असं कळल्या क्षणी पहिलं काम १९३० ला फोन. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर आहे, आधी १५५२६० होता तो आता विसरा. इथे नोंद झाली की तुमच्या बँकेला आणि ज्या बँकेत पैसे गेले तिला सिस्टीममधून कळवलं जातं, पैसे तिथून पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला, आणि जिथे शिल्लक सापडते तिथे होल्ड लागतो, म्हणजे ती रक्कम गोठवतात. एकदा रोख निघाली की होल्ड कशावर लावणार, म्हणून सगळा खेळ पहिल्या तासा-दोन तासांचा. फोनवर तुमचं नाव, मोबाईल नंबर, बँक, खाते किंवा कार्ड नंबर, किती वाजता किती रक्कम गेली आणि यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, विचारतात. यूपीआयचा असेल तर तो १२ आकडी असतो, मेसेजमध्ये किंवा अॅपच्या हिस्टरीत मिळतो. पिन, ओटीपी तिथे कुणी विचारणार नाही, विचारला तर तुम्ही चुकीच्या नंबरवर आहात.

१९३० कधीकधी लागतच नाही, हे पण खरं. लावत राहायचं, आणि घरात दोघं-तिघं असाल तर कामं वाटून घ्या, एकाने १९३०, एकाने बँकेच्या टोल फ्री नंबरवरून कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग सगळं ब्लॉक करायचं, एकाने सायबर तक्रारीचं सरकारी पोर्टल (पत्ता पुढे दिलाय) उघडायचं. बँकेचा नंबर कार्डाच्या मागून किंवा पासबुकवरून घ्या, गूगलवर कस्टमर केअर सर्च करून घेऊ नका, तिथे भामट्यांनीच आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. आणि एपीके टाकली गेली असेल तर त्या फोनचं नेट आधी बंद करा नि दुसऱ्याच फोनवरून बोला. पुढे तो फोन साफ केल्यावर हॅश हॅश ००२ हॅश डायल करा, कॉल फॉरवर्डिंग लावलेलं असलं तर निघून जातं.

तक्रार कोण करू शकतं हा प्रश्न खूप जण विचारतात. ज्याचे पैसे गेले तो तर करतोच, पण त्याच्या वतीने घरातलं कुणीही करू शकतं, पोर्टलवर नातं विचारलेलं असतं. रक्कम ५०० असो की ५ लाख. स्वतः ओटीपी दिला, स्वतःच क्यूआर स्कॅन केला, तरीही तक्रार होते, लाजून गप्प बसायचं काही कारण नाही.

१९३० वर नोंद झाली की मोबाईलवर एक अॅकनॉलेजमेंट नंबर, म्हणजे तक्रारीचा पोच क्रमांक, येतो. तो जपून ठेवा, आणि २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर जाऊन बाकीची माहिती भरून तक्रार पूर्ण करा. फोन केला म्हणजे झालं असं समजून लोक इथेच थांबतात. पोर्टलवर घटनेची तारीख-वेळ, बँकेचं नाव, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, तारीख, रक्कम असं भरायचं (तीन व्यवहार असतील तर तिन्ही वेगवेगळे, मामांच्या वेळी मी आधी एकच भरला होता), मग काय घडलं ते किमान २०० अक्षरांत. त्या चौकटीत अॅट, हॅश, डॉलर असली चिन्हं चालत नाहीत, त्यामुळे समोरच्याचा यूपीआय आयडी तिथे टाकला की फॉर्म पुढे जात नाही आणि आपल्याला कळत नाही का. आयडी संशयिताच्या रकान्यात टाका. ओळखपत्र म्हणून आधार, पॅन, मतदार कार्ड, लायसन्स, पासपोर्ट यातलं कुठलंही एक, फोटो फाईल ५ एमबीच्या आत. बरोबर बँक स्टेटमेंट, मेसेजचे नि चॅटचे स्क्रीनशॉट, आलेल्या नंबरांचा कॉल लॉग. संतापून चॅट डिलीट करू नका, पुरावा तोच आहे.

आता बँक. फोनवर ब्लॉक केलं तरी लेखी तक्रार द्यायचीच, शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या किंवा ईमेल करा, आणि बँकेचा तक्रार क्रमांक मागा. हे एवढं का, तर रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं सर्क्युलर. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी केलं, आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार तुमच्यावर, झिरो बॅलन्सवाल्या बेसिक खात्याला ५ हजार, त्यानंतर बँकेच्या पॉलिसीवर. मेसेज आला तो दिवस यात धरत नाहीत. ज्यात तुमची जबाबदारी शून्य किंवा मर्यादित आहे अशा केसमध्ये कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा.

पण ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान पूर्ण तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, म्हणूनच तो शिक्का आणि वेळ महत्त्वाची. मामांच्या बँकेने "तुमचा निष्काळजीपणा" असं दोन ओळीत लिहून दिलं. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच सर्क्युलरप्रमाणे बँकेची आहे, पण हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही, आपणच तारीख टाकून पत्रात लिहायचं.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर, फी काही नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकिलामार्फत चालतच नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणं ही अट आहे, ती प्रत जोडा. पतसंस्थेतलं खातं असेल तर हा रस्ता बंद, पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाही.

पैसे गेलेच नाहीत, नुसता केवायसी बंद होणार, आज रात्री लाईट कापणार असला मेसेज किंवा कॉल आला, तर १९३० ची लाईन अडवू नका, दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू म्हणून सोय आहे, तिथे नंबर नि स्क्रीनशॉट टाका, दोन मिनिटांचं काम.

होल्ड झालेले पैसे आपोआप परत येत नाहीत. बऱ्याचदा कोर्टाचा आदेश लागतो, त्यासाठी पोलीस स्टेशनच्या किंवा सायबर सेलच्या तपास अधिकाऱ्याला भेटून किती रक्कम कुठल्या बँकेत होल्ड आहे ते विचारायचं आणि अर्ज करायचा, काही वेळा लोकअदालतीत ही प्रकरणं एकदम घेतात. अॅकनॉलेजमेंट नंबरची प्रिंट, ओळखपत्र, स्टेटमेंट, कॅन्सल चेक बरोबर न्या. याच मधल्या काळात मामांना फोन आला, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे ९ हजार सोडवायला २ हजार प्रोसेसिंग फी भरा." मामांनी या वेळी फोन कट करून तो नंबर आधी मला पाठवला, तो त्याच तक्रारीत पुरवणी म्हणून लिहून दिला. ९ हजार आले पाच महिन्यांनी, खात्यात, कुठलीही फी न भरता.