वेबसाइटला कसं कळतं, आपण कुठले?

मराठीत भाषांतर केलं की वेबसाइट मराठी माणसासाठी तयार झाली, हा समज फार पक्का आहे. साइट बनवणाऱ्यांचाही आणि वापरणाऱ्यांचाही. शेतीसल्ल्याची पोर्टलं, विम्याचे अर्ज, बाजारभावाची पानं आता मराठीत दिसू लागली आहेत, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण शब्द मराठी झाले म्हणून पान आपलं झालं असं होत नाही. पेरणीची तारीख भरायची एक साधी चौकट घ्या.

मृग लागतं ७ जूनच्या सुमारास. पाऊस बरा झाला की यवतमाळ-वर्ध्याकडे सरकी टोबायला सुरुवात होते. शेतकरी चौकटीत भरतो ०७/०६. फोनची भाषा 'इंग्रजी (अमेरिका)' असेल आणि साइट त्या रिवाजानं तारीख वाचत असेल, तर ही होते ६ जुलै. तिकडे आधी महिना, मग दिवस. मृगाची टोबणी थेट पुनर्वसूवर गेली. संगणकाला यात काहीच खटकत नाही, कारण दोन्ही तारखा कॅलेंडरात आहेत. टोबणी १३ जूनला केली असती तर तेरावा महिना नसतो म्हणून साइटनं अडवलं तरी असतं. बारा तारखेपर्यंतची चूक मात्र बिनबोभाट आत जाते. पुढे त्याच तारखेवरून पिकाचं वय मोजून 'आता पात्या लागल्या असतील' असा सल्ला येणार असेल, तर तो महिनाभर उशिरा येणार.

असे फरक जगभर विखुरलेले आहेत. अरबी, हिब्रू, उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे त्यांच्यासाठी सगळं पानच आरशासारखं उलटावं लागतं: मेनू उजवीकडे, 'पुढे'चा बाण डावीकडे. आपण रक्कम १२,५०,००० अशी लिहितो, अमेरिकन माणूस १,२५०,००० अशी. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव ही तीन घरं आपल्याला सोयीची वाटतात, पण इंडोनेशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष सुकर्णो आणि सुहार्तो यांची पूर्ण नावं तेवढ्या एकेका शब्दाचीच होती. आडनाव सक्तीचं करणारा अर्ज त्यांना भरताच आला नसता. आपल्याकडेही लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलतं. माहेरच्या वावराच्या सातबाऱ्यावर वडिलांचं नाव आणि आधारवर नवऱ्याचं, आणि अर्ज म्हणतो नाव जुळत नाही. नाव आयुष्यभर एकच राहतं, असं तो अर्ज लिहिणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं.

तारखा, आकडे, आठवड्याचा पहिला दिवस, अनेकवचनाचे नियम अशा सगळ्या रिवाजांचं एक मोठं, मोफत भांडार आहे. युनिकोड ही संस्था ते चालवते आणि त्याला सीएलडीआर म्हणतात. आपल्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये, म्हणजे साइट उघडायच्या क्रोमसारख्या ॲपमध्ये, त्याचा मोठा भाग आधीच बसवलेला असतो. त्यात मराठीसाठी देवनागरी अंक हा मूळ पर्याय नोंदलेला आहे आणि हिंदीसाठी इंग्रजी अंक. लिपी एकच, तरी रिवाज वेगळा, आणि तो कुणीतरी नीट नोंदवून ठेवलाय, याचं मला फार कौतुक वाटतं. गंमत पुढे बिघडते. साइट आकडे दाखवते देवनागरीत, आणि आपण पिनकोड ४४५००१ असा देवनागरीत भरला की तीच साइट 'फक्त अंक भरा' म्हणते. कारण जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेत अंक ओळखायचा जो नेहमीचा नमुना वापरतात, तो इंग्रजी अंकांनाच अंक मानतो. दाखवणाऱ्या प्रोग्रामनं भांडार वापरलं, तपासणाऱ्यानं वापरलं नाही.

आता मूळ प्रश्न. भांडार आहे, त्यात मराठीचं पान आहे, पण समोरचा माणूस मराठी आहे हे हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरला, म्हणजे पान पाठवणाऱ्या संगणकाला, कळतं कसं? इथे थोडं सावकाश जाऊ, कारण या सगळ्या प्रकारातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे.

आपण पत्ता टाकून पान मागवतो तेव्हा ब्राउझर त्या मागणीसोबत काही ओळी पाठवतो. त्यातल्या एका ओळीचं नाव ॲक्सेप्ट-लँग्वेज. पोत्याला बांधलेल्या चिठ्ठीसारखी ती असते: माल कुणाचा, कुठे जायचा, एवढंच तिच्यावर. मराठी फोनवरची ही चिठ्ठी साधारण अशी असते (प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत, इथे उच्चारानं लिहिली आहे):

एमआर-आयएन, एमआर;क्यू=०.९, ईएन-आयएन;क्यू=०.८, ईएन;क्यू=०.७

'एमआर' हा मराठीचा आंतरराष्ट्रीय संकेत, 'आयएन' भारताचा. 'क्यू' म्हणजे पसंतीचं वजन, शून्य ते एक. ज्याच्यापुढे क्यू लिहिलेला नाही त्याचं वजन एक. म्हणजे चिठ्ठी सांगते: भारतातली मराठी असेल तर ती द्या, नाहीतर कुठलीही मराठी, नाहीतर भारतीय इंग्रजी, तीही नसेल तर कुठलंही इंग्रजी.

चिठ्ठी वाचायच्या रीतींपैकी एक २००६ साली आरएफसी ४६४७ या इंटरनेटच्या रीतींच्या दस्तऐवजात लिहून ठेवली आहे. सर्व्हर सगळ्यात जड संकेत उचलतो आणि आपल्याकडे तसं पान आहे का बघतो. नसेल तर संकेताचा शेवटचा तुकडा छाटतो आणि पुन्हा बघतो. 'एमआर-आयएन' नाही, म्हणून 'एमआर'. तेही नसेल तर चिठ्ठीवरचा पुढचा संकेत. चिठ्ठी संपली तर साइटची जी मूळ भाषा ठरलेली असेल ती, बहुतेक वेळा इंग्रजी. छाटणी नेहमी उजवीकडून होते. एवढ्या साध्या नियमावर भाषांची अदलाबदल चालते.

आता यात वऱ्हाडी घालून बघा. भाषांच्या आयएसओ ६३९-३ या यादीत वऱ्हाडी-नागपुरीला स्वतंत्र संकेत आहे: व्हीएएच. मेळघाटातल्या कोरकूला आहे केएफक्यू. समजा कुणी हौसेनं आपल्या ब्राउझरच्या चिठ्ठीवर फक्त 'व्हीएएच-आयएन' लिहिलं. सर्व्हर बघेल, नाही. छाटेल, 'व्हीएएच', तेही नाही. आणखी छाटायला काही उरलं नाही. पान येईल इंग्रजीत. मराठी पान त्याच सर्व्हरवर तयार असताना! कारण वऱ्हाडी माणसाला मराठी वाचता येते ही गोष्ट संकेताच्या अक्षरांत कुठेच नाही. 'व्हीएएच' छाटून 'एमआर' निघत नाही. काही प्रणाल्यांत जवळच्या भाषांचा वेगळा तक्ता जोडून ही उणीव भरून काढतात. नुसत्या छाटणीच्या नियमाला मात्र ते नातं ठाऊक नाही. म्हणून चिठ्ठीवर क्रमानं दुसरी, तिसरी भाषा लिहिलेली असणं फार मोलाचं. अलीकडे काही ब्राउझर पूर्ण यादी न पाठवता पहिलीच भाषा पाठवतात. कारण रास्त आहे: कोरकू, मग मराठी, मग हिंदी अशी दुर्मीळ यादी असली तर त्या यादीवरूनच माणूस ओळखता येतो, त्याचा माग काढता येतो. पण त्या सुरक्षेची किंमत लहान भाषावाल्यांच्या वाट्याला येते.

उलट दिशेनंही अशीच एक खूण असते. पान स्वतः जाहीर करतं की मी मराठी आहे. ती खूण बघून चांगला फॉन्ट 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा काढतो. हिंदीची खूण असेल तर हीच अक्षरं वेगळ्या वळणाची निघतात. युनिकोडच्या अक्षरयादीत अक्षराचा क्रमांक दोन्हीकडे एकच, फॉन्टच्या पोटात आकार दोन. मराठी पानावर हिंदी वळणाचा 'ल' दिसला, तर ती खूण लावायची राहून गेली असण्याची शक्यता बरीच असते.

मात्र चिठ्ठी लिहितं कोण? तालुक्याच्या दुकानात नवा फोन घेतला की सिम टाकून, भाषा निवडून, दुकानातला पोरगाच तो सुरू करून देतो. घाईत तो सगळ्यात वरची भाषा घेतो, बऱ्याचदा 'इंग्रजी (अमेरिका)'. त्या क्षणापासून त्या फोनमधून जाणाऱ्या प्रत्येक मागणीवर अमेरिकन इंग्रजीची चिठ्ठी लागते. साइट दोन भाषांत असली तरी इंग्रजीच उघडते, आणि जी साइट फोनचा रिवाज पाळते ती तारखेतही महिना आधी मागते. सेतू केंद्रावर 'ही साइट इंग्रजीतच आहे' असं जे ऐकू येतं, त्यातल्या काही साइटींचं मराठी पान तयार असतं, फक्त मागितलं गेलेलं नसतं.

फोनच्या जागेवरून अंदाज बांधायची पद्धतही आहे, पण ती कच्ची. मोबाईल डेटाचा पत्ता गावचा नसून कंपनीच्या दूरच्या केंद्राचा दिसू शकतो. आणि जागा बरोबर सापडली तरी गडचिरोलीत एकाच तालुक्यात मराठी, गोंडी, तेलुगू, बंगाली बोलणारी माणसं राहतात.

भाषेच्या पलीकडे जाऊन संस्कृतीच मोजायची खटपटही झाली आहे. डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेडे यांनी आयबीएम या संगणक कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरून देशांना आकडे दिले, १९८० साली त्यावर पुस्तक आलं. त्यातला एक आकडा 'सत्तेचं अंतर', म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठ ही उतरंड लोक किती सहज मान्य करतात. भारताला त्यात ७७. ॲरन मार्कस आणि एमिली गुल्ड यांनी २००० साली हे आकडे वेबसाइटींना लावून पाहिले. मलेशियातल्या एका विद्यापीठाच्या पानावर बोधचिन्ह, भव्य इमारत, पदाधिकारी. नेदरलँड्समधल्या विद्यापीठाच्या पानावर विद्यार्थी. आपल्याकडच्या कार्यालयांच्या पानांवर वरच्या पट्टीत मान्यवरांचे फोटो असतात, ते याच माळेतले. पण ते फोटो वापरणाऱ्याला हवे असतात की कार्यालयाला, हे त्या आकड्यातून कळत नाही. ज्याला सातबारा काढायचा आहे त्याला शोधायची चौकट हवी, आणि ती फोटोंच्या खाली ढकललेली असते.

कॅथरिना राइनेके आणि अब्राहम बर्नस्टाइन यांचं काम मला जास्त प्रामाणिक वाटतं. झुरिच विद्यापीठात त्यांनी मोक्का नावाचा कामांची यादी ठेवायचा प्रोग्राम केला. तो माणसाला विचारायचा, कुठल्या देशात किती काळ राहिलात? त्या काळाच्या प्रमाणात त्या त्या देशाचे आकडे मिसळायचा आणि त्या मिश्रणाप्रमाणे पान बदलायचा: कुणाला एका वेळी कमी माहिती, कुणाला जास्त, कुणाला पावलोपावली मदत. ४१ जणांवरच्या प्रयोगात, अमेरिकी धाटणीच्या पानापेक्षा स्वतःसाठी जुळवलेल्या पानावर लोकांची कामं २२ टक्के लवकर झाली. निष्कर्ष मोलाचा आहे. पण या गणितात धारणीची कोरकू बाई आणि दक्षिण मुंबईतला बँकवाला, दोघंही जन्मभर भारतात राहिलेले, म्हणून दोघांचे आकडे अगदी सारखे. देशाची सरासरी माणसावर चिकटवली की हे होणारच. राइनेके यांनी पुढे क्रिस्टॉफ गाजोस यांच्यासोबत जवळपास ४०,००० लोकांची आवड ऑनलाइन तपासली, तेव्हा पानाचे रंग आणि भरगच्चपणा यांची पसंती देशाप्रमाणे बदलताना दिसलीच, पण वय आणि शिक्षण यांप्रमाणेही बदलताना दिसली.

रंगांच्या बाबतीत तर बाजारात नुसता सुळसुळाट आहे. 'भारतीयांना भगवा, लाल आवडतो' असे तक्ते विकले जातात. वेबसाइटलाही वास्तुशास्त्र लावून देणारे सल्लागार आहेत. फोन हातात फिरवला की त्याच्या पडद्याचा ईशान्य कोपरा नैर्ऋत्येला जातो, त्यामुळे अशा सल्ल्याला कुणीही पैसे देऊ नयेत. चीन आणि जपानमध्ये शेअरचा भाव वाढला की तो लाल दिसतो, आपल्याकडे पडला की लाल. रंगाला अर्थ येतो तो असा वापरातून.

आणि आपल्या भागात रंगांचा एक वापर असा आहे, जो इथल्या शेतकऱ्यांसाठी साइट बनवणाऱ्या प्रत्येकानं पाठ करावा. कीटकनाशकाच्या डब्यावरचा चौकोन, आणि त्यातला रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम, हिरवा त्या मानानं सौम्य. वेबवर निळा म्हणजे लिंक किंवा साधी माहिती, पिवळा म्हणजे 'जरा लक्ष द्या'. डब्यावर निळादेखील विषच, आणि पिवळा तर लालच्या खालोखाल. फवारणीचा सल्ला देणाऱ्या पानावर औषधाचं नाव सजावट म्हणून हिरव्या पट्टीत टाकलं आणि डब्यावर त्रिकोण पिवळा असला, तर हातमोजे घालायचे की नाही हे ठरवताना शेतकऱ्यापुढे दोन उलट खुणा येतात. यवतमाळनं २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गमावली आहेत. हा रंग आवडीनिवडीचा विषय नाही. पानानं डब्याचा रंग जसाच्या तसा घ्यावा, आणि शेजारी शब्दांतही लिहावं.

तुमच्या फोनवरची चिठ्ठी बदलणं मात्र दोन मिनिटांचं काम आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये भाषा उघडा, 'मराठी (भारत)' जोडा आणि ओढून सगळ्यात वर न्या. इंग्रजी काढू नका, दुसरी राहू द्या. क्रोममध्ये तीन ठिपक्यांच्या मेनूतून सेटिंग्ज, त्यात भाषा, तिथेही हाच क्रम लावा. जी साइट चिठ्ठी वाचते ती पुढच्या वेळी मराठीत उघडेल. जी वाचत नाही तिच्यावर वरच्या कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण शोधावं लागेल, आणि तारखेची चौकट आली की महिना आकड्यात न देता यादीतून 'जून' असा निवडता येतो का ते आधी बघा.